अक्काच्या घागरीचं पुरण

बाजारात डांगरं दिसायला लागली की आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली असं समजायचं. त्यासाठी कॅलेंडर लागत नाही. शहरात ज्याला खरबूज म्हणतात ते आमचं डांगर. आमच्या असोद्याच्या रस्त्यावर त्याच्या हातगाड्या उभ्या राहतात आणि ऊन असं असतं की गाडी दिसायच्या आधी तिचा वास येतो. पिकलेला, जरासा आंबूस, नदीच्या वाळूत तापलेला गोड वास. त्यात कुणी काही घातलेलं नसतं. ते फळ आपलं आपण गोड झालेलं असतं.

यंदाही तो वास आला. मी मोटरसायकलवर भाऊंच्या मागे बसले होते. भाऊ म्हणजे माझे वडील. त्यांनी गाडी थांबवली, चार डांगरं नाकाला लावून परत ठेवली, पाचवं पिशवीत टाकलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे अक्काच्या घागरीवर."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. मागच्या दिवाळीच्या तोंडावर ती गेली. आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरायची, तिच्यावर डांगर ठेवायचं, पुरणपोळी नि आमरसाचा नैवेद्य दाखवायचा आणि गोवरीच्या निखाऱ्यावर तुपासोबत त्यातला घास जाळायचा. या घास जाळण्याला आगारी म्हणतात. अक्काची ही पहिलीच घागर. रीतीप्रमाणे ती सासरी, धुळ्याकडे भरायची. अक्काला मूलबाळ नव्हतं, पण पुतणे आहेत, ते भरणार होते. तरीही भाऊंनी आमच्याकडे वेगळी घागर आणली. भावकीतल्या कुणीतरी टोकलं, "लेकीची घागर माहेरी भरतात का कुठं?" भाऊ म्हणाले, "आखाजीले ती कधी सासरी राह्यली का? मग घागर सासरी कशी?"

आखाजी हा खानदेशात लेकींनी माहेरी यायचा सण. निंबाच्या फांदीला झोका बांधायचा, आंबे पिळायचे, झोपायचं, आणि सासूच्या नकला करायच्या. अक्का सत्तरी गाठेपर्यंत यायची. बसमधून उतरली की भाऊ फाटकातच तिची थट्टा सुरू करायचे. जन्म असोद्याचा, पण धुळ्याकडे राहून तिची बोली पार तिकडची झालेली. "आली शेवाली! काय शे, कसं शे, बठ्ठं चांगलं शे?" आणि अक्का पिशवी त्यांच्या अंगावर टाकून म्हणायची, "चांगलं शे रे बाबा. बहीण दारमा उभी शे, तिले पानी दे आधी."

पाणी म्हणजे नुसतं पाणी नाही. उन्हातून आलेल्या माणसाला आधी गुळाचा खडा, मग पाणी.

घागर आली, डांगर आलं. आता प्रश्न पुरणाचा होता. भाऊंनी कुठूनतरी काळसर गुळाची भेली आणली, फडक्यात बांधून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली. आईने ती पाहिली आणि म्हणाली, "हा गूळ घरात कशाले आनला?"

"अक्काच्या पुरणाले."

"मी हात लावनार नाही त्याले."

"आता तिले काय होनार हाये? आता तरी खाऊ दे पोटभर."

आई उठून मागच्या अंगणात गेली. त्यानंतर भेली ओट्यावरच होती आणि दोघं एकमेकांशी फक्त कामापुरतं बोलत होते. अक्काची पहिली घागर, आणि तिच्या पुढ्यात काय वाढायचं हेच घरात ठरत नव्हतं.

मी पत्रकं लिहिते. रेशनवर, पाण्यावर, रस्त्यावर. पत्रकात एक सोय असते, दोषी कोण ते पहिल्या ओळीत ठरलेलं असतं. हे लिहिताना ती सोय नाही. तरी जे स्पष्ट आहे ते स्पष्ट लिहिते.

साखर आमच्या घरात उशिरा आली. अक्का सांगायची, तिच्या लहानपणी रेशनची साखर यायची ती एका पितळी डब्यात आणि डबा उंच फळीवर. तो उतरायचा फक्त जावई आला किंवा सरकारी माणूस आला तर. जावयाचा चहा साखरेचा. त्याच चुलीवर, त्याच पत्तीचा, लेकीचा चहा गुळाचा. गडीमाणसांना काकवी आणि भाकरी. जावई उठला की कपाच्या बुडाशी न विरघळलेली साखर राहायची, ती बोटाने पुसून खायला पोरी धावायच्या. "मना नंबर कधी लागनाच नही," अक्का हसून सांगायची, "मी मोठी ना. मोठीले लाज धरनी पडस."

मग गोड करायचं कशाने? ज्याने जमेल त्याने. कुरडया करायच्या दिवसांत भिजवलेल्या गव्हाचा चीक शिजायचा, तो गरमगरम वाटीत घेऊन वर किसलेला गूळ. ज्वारीचं हिरवं ताट दातांनी सोलून चघळायचं. विक्रीच्या गाडीत न गेलेली, काळी पडलेली केळी चिरून पत्र्यावर वाळवायची, ती चामड्यासारखी चिवट आणि मधासारखी गोड व्हायची. आंब्याचा रस ताटावर पसरून त्याची पोळी. आणि अक्काच्या सासरच्या बाजूला मोहाची फुलं. सातपुड्यातून बाया वाळलेली फुलं घेऊन उतरायच्या आणि धान्याच्या बदल्यात द्यायच्या. ती भाजून तिळाबरोबर कुटली की लाडू वळायचा, त्याला ना साखर लागायची ना गूळ. आज मोह म्हटलं की आपल्याला फक्त दारू आठवते. एका अख्ख्या डोंगराचं गोडधोड आपण बदनाम करून ठेवलं, आणि याची कुणाला लाजही वाटत नाही.

पण सगळ्यांच्या वर गूळ. बाळंतिणीला गूळ-सुंठ-डिंक. उन्हाने चक्कर आली, गूळ. पेपरला निघालेल्या पोराच्या हातावर गूळ. सुगीत पहिल्या धान्याबरोबर गूळ. आमच्या बायांच्या डोक्यात साखर आणि गूळ एका पंगतीत कधी बसलेच नाहीत. साखर म्हणजे पाहुण्यांची, पैशाची, बाहेरची. गूळ म्हणजे घरचा, कष्टाचा, औषधाचा. हे नीट ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

अक्का आजारी पडली ती नवरा गेल्यानंतर. सारखी तहान, पायांना मुंग्या. भाऊ तिला जळगावला डॉक्टरकडे घेऊन गेले, मी सोबत होते. बाहेर बाकड्यावर अर्धा खानदेश बसलेला. नंबर आला, डॉक्टरांनी कागद बघितला, गोळ्या लिहिल्या आणि मान वर न करता म्हणाले, "आजी, साखर पूर्ण बंद."

अक्का खुर्चीच्या टोकावर बसली होती, पदर सावरून. तिने भाऊंकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं आणि म्हणाली, "साहेब, जी माले कधी भेटनीच नही, ती बंद कशी करू?"

डॉक्टर हसले. आम्हीही हसलो. पुढच्या पेशंटला हाक गेली. त्या वाक्यात तिने सगळं सांगून टाकलं होतं. एक प्रश्न विचारला असता, "मग चहा कशाचा पिता आजी?", तर ती आज झोक्यावर बसली असती. तो प्रश्न विचारायला किती वेळ लागतो? बाहेरचं बाकडं भरलेलं होतं, मला मान्य आहे. पण बाकड्यावरची माणसं कोणत्या घरातून येतात, काय खातात, कशाला काय म्हणतात, हे माहीत नसताना औषध देणं म्हणजे पत्ता न लिहिता पत्र टाकणं आहे.

घरी आम्ही हुकूम पाळला. आईने तर असा पाळला की बघत राहावं. अक्का आमच्याकडे असेल तेव्हा साखरेचा डबा कपाटाच्या मागे. अक्काचा चहा गुळाचा, लापशी गुळाची, लाडू गुळाचे. एकदा कुणाच्या लग्नात अक्काच्या पानात जिलबी पडली, तर आईने पंगतीतून उठून ती उचलली. नणंद-भावजयीची जोडी म्हटली की लोक भांडणं ऐकायला कान टवकारतात. या दोघी एका ताटात जेवायच्या. आई बाजारात भेल्या नखाने टोकरून बघायची आणि सगळ्यात काळा गूळ निवडायची, अक्काला चांगला म्हणून. घरात कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

तपासणीत आकडा वाढलेला यायचा. डॉक्टर रागवायचे, "पथ्य पाळत नाही तुम्ही." अक्काचा चेहरा चोरी पकडल्यासारखा व्हायचा. "देवनी आन साहेब, दानाभर खाद्धी नही." डॉक्टर म्हणायचे, "सगळे असंच म्हणतात."

बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसायची. एका खरं बोलणाऱ्या बाईला आम्ही सगळ्यांनी मिळून खोटारडी ठरवलं. या गोष्टीचा मला अजून सर्वांत जास्त राग येतो.

मागचा वैशाख. मला तो सबंध आठवतो आणि तुकड्यातुकड्यांनीही आठवतो. सावलीतसुद्धा डोळे मिटायला लावणारं ऊन. निंबाच्या फांदीवर दोरखंडाचा करकर आवाज. बादलीत भिजत घातलेले आंबे. मागच्या अंगणात चूल मांडलेली आणि तिच्यावर पालथं घातलेलं मातीचं खापर. खापराची पुरणपोळी लाटत नाहीत. कणकेच्या दोन पाऱ्यांमध्ये पुरण भरून ती दोन्ही हातांवर झेलत झेलत वाढवायची, कोपरापर्यंत पसरली की खापरावर सोडायची. आई पोळी झेलत होती. अक्का चुलीपाशी पाट घेऊन बसली होती, कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या आत सारत, आणि आईला चिडवत होती.

"भाऊ, तुन्ही बायको पोळी करस का धोतर वाळत घालस?"

"तुमी या मग झेलायले," आई म्हणाली.

"मी पाहुनी शे. पाहुनी बठीसन नाव ठेवस."

पुरणाचा वास होता. डाळ, वेलची आणि गुळाचा तो खमंग, किंचित जळका वास. त्यात मला दुसरा वास आला. चामडं करपल्यासारखा. मी खाली पाहिलं. पऱ्हाटीचा एक निखारा चुलीतून घरंगळून अक्काच्या अंगठ्याला टेकला होता, आणि अक्का हसत होती.

मी ओरडले. आईने हातातली पोळी तशीच खापरावर टाकली आणि निखारा हातानेच उडवला. अंगठ्याची कातडी पांढरी पडली होती. अक्का आम्हा दोघींकडे आश्चर्याने बघत राहिली. "माले तं काहीच व्हयनं नही व," ती म्हणाली. मग भाऊ आले. घाबरलेल्या बायकांना धीर द्यायचा म्हणून म्हणाले, "अक्काचे पाय लोखंडाचे हायेत." सगळे हसले. अक्कालाही ते आवडलं. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ती अंगठा दाखवत होती. लेकीबाळी बघून तोंडाला पदर लावत होत्या आणि ती म्हणत होती, "लोखंडना शेतस मना पाय."

ते लोखंड पावसाळ्यात सडलं. आधी अंगठा काढला, मग पाय. तिचं दवाखान्यातलं शेवटचं दुखणं मी लिहिणार नाही. फक्त एक दुपार लिहिते, कारण ती लिहिल्याशिवाय आईचं वागणं कळणार नाही.

वॉर्डात आई तिला घरून आणलेली लापशी भरवत होती. मी पायथ्याशी उभी होते. सिस्टर इंजेक्शन घेऊन आली, वाटीत डोकावली आणि थबकली. "काकू, हे काय भरवताय?"

आई अभिमानाने म्हणाली, "गुळाची हाये. आमच्या घरात साखर बंद हाये, वर्ष होऊन गेलं."

सिस्टर तरुण होती, आमच्याच बाजूची असावी. तिने हातातला ट्रे खाली ठेवला. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती इतकंच म्हणाली, "काकू, गूळ पण तेच करतो व."

आईच्या हातातला चमचा तसाच राहिला. अक्काने तोंड उघडलेलं होतं, घासासाठी. तिने आधी सिस्टरकडे पाहिलं, मग आईकडे. मग उशीवर सरकून आईचं मनगट धरलं, चमचा स्वतःच्या तोंडाकडे ओढला आणि तो घास खाऊन टाकला. म्हणाली, "चांगली व्हयनी लापशी."

त्यानंतर आईने गुळाला हात लावलेला नाही.

परवा जळगावात हायवेला एका चहाच्या दुकानावर पाटी पाहिली. मातीच्या कपात गुळाचा चहा, आणि खाली लाल अक्षरांत, 'शुगरवाल्यांना चालतो.' ज्या गुळाच्या चहाची पोरींना लाज वाटायची तो आता ऐटीत मिळतो, माझी त्याला हरकत नाही. हरकत खालच्या ओळीला आहे. मी आत जाऊन सांगितलं, ती ओळ पुसा.

"ताई, लोक विचारतात म्हणून लिहिली," दुकानदार म्हणाला.

"लोक विचारतात म्हणूनच खोटं लिहू नका."

"तुम्ही काय डॉक्टर आहात?"

मी नाही म्हटलं. मग कोण, हे सांगावं असं वाटलं, पण गिऱ्हाइकं बघायला लागली होती. तो म्हणाला, बघतो. पाटी अजून असणार. मी पुन्हा जाणार आहे.

पण पाट्या पुसून एवढंच होतं की पुढची एखादी अक्का वाचते. आपली वाचत नाही. आणि मला तर कधी कधी त्या जुन्या माणसांचाही राग येतो, ज्यांनी लेकीच्या कपात कधी साखर पडू दिली नाही. पण गोडाला तेव्हा ऋतू होता. चिकाचे दिवस, आंब्याचे दिवस, सुगीचे दिवस. खडाभर गूळ मिळायचा आणि मागे रानभर काम असायचं. तेवढ्या गोडाने अंगात ताकद यायची, हे खोटं नव्हतं. ते खरं होतं म्हणून तर आईने त्यावर विश्वास ठेवला. दिवस बदलले, कामं बदलली, अक्काचं शरीर बदललं, आणि हे बदललं म्हणून सांगायला आमच्या दारी कुणी आलं नाही.

आखाजीच्या सकाळी आई सगळ्यांच्या आधी उठली. मी उठले तेव्हा अंगणात खापर तापलं होतं आणि पुरण पाट्यावर वाटून झाकलेलं होतं. भाऊ अंघोळ करून आले, त्यांनी झाकण बघितलं आणि त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांना वाटलं, तिने ऐकलं. मलाही तेच वाटलं.

आई पोळ्या करायला बसली. पहिली हातावर झेलताना मधे फाटली. दुसरी कडेला फाटली. आईच्या पोळ्या फाटत नाहीत. मला वाटलं, आज तिचं लक्ष लागत नाही. चुलीपाशी पाट मांडायला मी विसरले नव्हते, पण त्यावर कुणी बसलं नाही. मी उभ्या उभ्याच पऱ्हाट्या सारल्या.

देवघराच्या भिंतीशी गव्हावर घागर मांडली. लाल, नवी, पाझरून ओली झालेली. तिच्या तोंडावर डांगर, शेजारी दोन आंबे. ताट वाढलं. पुरणपोळी, वर तुपाची धार, वाटीत आमरस, कुरडई. नैवेद्य आधी चाखायचा नसतो, त्यामुळे पुरण कसं झालं ते आगारीपर्यंत कुणालाच माहीत नसतं. भाऊंनी गोवरीचा निखारा फुंकला, तूप सोडलं, पोळीचा घास मोडून त्यावर ठेवला आणि हातातलं पाणी भोवती फिरवलं. "ये अक्का," ते म्हणाले. "जेव पोटभर."

घास पेटला. निळसर धूर वर आला. तुपाचा वास आला, भाजलेल्या कणकेचा आला, डाळीचा आला.

गूळ जळतो तेव्हा त्याचा वास लपत नाही. लहानपणापासून प्रत्येक आगारीला मी तो घेतलाय. घरभर पसरतो, कपड्यांत बसतो. मी वाट पाहिली. तो आला नाही.

मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. ओट्यावर भेली होती. फडक्याची गाठ भाऊंनी बांधली होती तशीच होती.

आई भिंतीला टेकून विस्तवाकडे बघत उभी होती. डोळे कोरडे होते. पथ्य चुकू नये म्हणून पंगतीतून जिलबी उचलायला उठली होती ना, तशीच उभी होती.

आम्ही जेवायला बसलो. भाऊंनी पहिला घास घेतला. चावता चावता थांबले. मोकळं, कोरडं, नुसत्या डाळीचं पुरण. त्यांनी आईकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही पाहिलं नाही. घागरीकडे मात्र बराच वेळ पाहिलं. मग वाटीतला रस पोळीवर न ओतता बाजूला सारला, ती सगळी पोळी नुसती, कोरडी खाल्ली आणि ताट पुढे केलं.

"अजून एक वाढ," ते म्हणाले.